विज्ञानाचा धसका आणि अभ्यासाची रीत

दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवून शास्त्र शाखेत गेलेला विद्यार्थी अकरावीच्या पहिल्याच चाचणीत पदार्थविज्ञानात गडगडतो, हा अनुभव मीरा-भाईंदरमधील पालकांना नवा नाही. त्यावरचा उपायही ठरलेला असतो: आणखी एक शिकवणी, आणखी एक मार्गदर्शक आणि पहाटेचा आणखी एक तास. परंतु घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम अभ्यासालाही लागू पडतो. तेच पान पाचव्यांदा वाचून पदरात नवे असे कितीसे पडणार?

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध झाले. पाठ केलेल्यापैकी बराचसा भाग एका दिवसातच निसटतो, असे त्यांना आढळले. २००६ साली रोडिगर व कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक उतारे दिले. काहींनी ते पुनःपुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून, मग उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. आपल्या लक्षात अधिक राहील, असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होता. परीक्षेच्या आदल्या रात्री 'सगळे येते' असे वाटणाऱ्या विद्यार्थ्याची फसगत होते ती येथेच.

दुसरी अडचण भाषेची आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली स्थापन केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांतील मुलांबरोबर काम केले. पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हा आकलनातील मोठा अडसर आहे. भाषा सोपी केली आणि मुलांना बोलते केले, तर मागे पडलेली मुलेही पुढे येतात, असे त्या कामातून दिसून आले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला 'वस्तुमान' आणि 'वजन' यांतील भेद 'मास' आणि 'वेट' या शब्दांत नव्याने उमगावा लागतो. तो त्याने आधी आपल्या मराठीत, आपल्या वाक्यांत मांडून पाहावा. इंग्रजी व्याख्या त्यानंतर.

तेव्हा रीत बदलावयाची ती अशी. तास संपल्यावर वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे आणि राहिले तेवढेच पुन्हा वाचावे. तोच भाग दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने आठवून पाहावा. सोडविलेले उदाहरण झाकून स्वतः सोडवावे आणि चूक कोठे झाली ते वेगळ्या वहीत टिपावे. भाईंदरहून सकाळची लोकल पकडणाऱ्यास गर्दीत पुस्तक उघडता येत नाही; पण हा अभ्यास मिटल्या पुस्तकानेच करावयाचा आहे. आरंभी तो कष्टाचा वाटेल. आठवताना होणारे हे कष्टच ज्ञान पक्के करतात.

तथापि सारा भार विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उतरविल्यावर पूर्ण गुण मिळत असतील, तर पाठांतर करणारा विद्यार्थी व्यवहाराला धरूनच वागतो. मोबदला घोकण्याला द्यावयाचा आणि अपेक्षा आकलनाची करावयाची, हा हिशेब जुळणारा नाही. प्रत्येक तासाच्या आरंभी पाच मिनिटांची, गुण न देणारी चाचणी घेण्यास ना अनुदान लागते ना नवी इमारत. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी येत्या सत्रापासून एवढे तरी सुरू करावे.