कामगार-निवास, मुंबईतील

मुंबईतील गिरण्या, गोदी, रेल्वे इ. उद्योगांतील कामगारांसाठी माफक भाड्याने बांधण्यात आलेली घरे. भाडे वेतनाच्या आवाक्यात असेल, तरच कामगाराला शहरात संसार थाटता येतो. मात्र त्या संसारातील माता व बालके यांचे आरोग्य घराच्या रचनेवरही तितकेच अवलंबून असते, असे मुंबईच्या इतिहासावरून दिसून येते.

प्लेगच्या साथीनंतर (१८९६) स्थापन झालेल्या सुधार न्यासाने (१८९८) दाट वस्त्या पाडून काही चाळी बांधल्या. परंतु घरांची टंचाई कायम राहिली. कोकणातून व देशावरून आलेले अनेक पुरुष मिळून एक खोली घेत, खानावळीत जेवत आणि बायकामुलांना गावी ठेवत. १९२१ मध्ये शहरातील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती. त्याच वर्षी एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील बालमृत्यूचे नोंदलेले प्रमाण दर हजारी सु. ८२८, तर चार वा अधिक खोल्यांच्या घरांत सु. १३३ होते. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास गावी जात. त्यामुळे जन्माची नोंद गावी व मृत्यूची शहरात होऊन पहिला आकडा फुगलेला आहे. तरीही दोहोंमधील तफावत बोलकी आहे. मूल सांभाळण्यास घरी कोणी नसल्याने गिरणीत जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत, असे डॉ. बार्न्स यांच्या पाहणीत (१९२२) आढळले.

सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत शासनाच्या विकास खात्याने (बी. डी. डी.) वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. त्यांत सु. १६,५०० खोल्या होत्या. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्येक खोली सु. १६० चौ. फुटांची, मधे बोळ आणि शौचकूप सामाईक, अशी रचना होती. भाडे व गैरसोयी यांमुळे आरंभी अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. स्वयंपाक, बाळंतपण, आजारपण व झोप या सर्वांस एकच खोली असल्याने बाळंतिणीला विश्रांती व आडोसा दुर्मिळ होता. उलट, शेजारणीच्या हवाली मूल करून कामावर जाण्याची सोयही चाळीनेच दिली.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्यामुळे कुटुंबांना स्थैर्य लाभले. पण खाजगी चाळींची दुरुस्ती खुंटली. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात वरळी येथे ५०० चौ. फुटांची घरे बांधण्यात येत असून, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ताबा मिळाला. स्वतंत्र न्हाणीघर व शौचकूप यांमुळे स्त्रियांची मोठी अडचण दूर होते. मात्र बोळातील शेजार तुटल्यास मुलांची देखरेख पुन्हा एकट्या मातेवर येते. म्हणून पाळणाघर हे अशा वसाहतीच्या आराखड्याचे आवश्यक अंग मानणे इष्ट ठरते.