विश्लेषण : ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे पेटणारे की न पेटणारे? रासायनिक वसाहतीत इंग्रजी शब्दांचा चुकीचा अर्थ जिवावर कसा बेतू शकतो?

मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूणच्या मध्ये लोटे लागते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, त्यामुळे या भागात टँकर नेहमीच दिसतात. पेट्रोलच्या टँकरमागे बऱ्याचदा ‘हायली इनफ्लेमेबल’ असे लिहिलेले असते. ‘इन’ म्हणजे ‘नाही’, म्हणून ‘न पेटणारे’ असा अर्थ तुम्ही लावत असाल, तर खरा अर्थ नेमका उलटा आहे. एरवी इंग्रजी शब्द चुकला तर फार तर कोणी हसते. मात्र मार्च आणि एप्रिल २०२१ मध्ये या वसाहतीत झालेल्या स्फोट व आगीच्या दुर्घटनांत कामगारांचे बळी गेले होते. त्यांचा संबंध शब्दांशी जोडायचे कारण नाही; पण अशा ठिकाणी लेबलवरचा शब्द नीट समजणे हाही सुरक्षेचाच भाग असतो.

‘इनफ्लेमेबल’मधला ‘इन’ कुठला?

‘इनकरेक्ट’, ‘इनव्हिजिबल’ या शब्दांत ‘इन’ नकारार्थी आहे. ‘इनफ्लेमेबल’ मात्र ‘पेटवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. म्हणजेच ‘इनफ्लेमेबल’ आणि ‘फ्लेमेबल’ या दोन्हींचा अर्थ एकच : ज्वालाग्राही. न पेटणाऱ्या पदार्थाला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. हा घोळ टाळण्यासाठी अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकातच ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. रसायनांच्या वर्गीकरणाची संयुक्त राष्ट्रांची पद्धतही आज हाच शब्द वापरते. आपल्याकडे मात्र २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमातील कलम ३७ मध्ये ‘इनफ्लेमेबल’ होते आणि टँकरवरही तोच शब्द दिसतो.

‘एम्प्टी’ पिंप खरेच रिकामे असते?

रसायन संपले की पिंप ‘एम्प्टी’ होते. मग ते भंगारात जाते, कापले जाते किंवा पाणी साठवायला वापरले जाते. पण द्रव संपला तरी त्याची वाफ आत राहते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल, तर ठिणगी पडताच मिश्रण पेट घेते. भरलेल्या पिंपात हवेला जागा कमी असते. ‘रिकाम्या’ पिंपात वाफ आणि हवा दोन्ही असतात. म्हणून ते जास्त धोकादायक ठरू शकते.

हा शब्दाचा घोटाळा बेंजामिन ली व्होर्फ यांनी टिपला होता. केमिकल इंजिनीअर असलेले व्होर्फ अमेरिकेतील हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत आगीची कारणे तपासत. भरलेल्या पिंपांजवळ काळजी घेणारी माणसे ‘एम्प्टी’ पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात, असे त्यांनी नोंदवले. हेच व्होर्फ पुढे भाषाशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या त्या कलम ३७ मध्येही हा धोका गृहीत धरला होता. ज्या टाकीत ज्वालाग्राही पदार्थ ‘आहे किंवा होता’, ती पदार्थ आणि वाफ काढून सुरक्षित केल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग किंवा कटिंग करण्यास त्या कलमाने मनाई होती.

‘इनर्ट’ म्हणजे निरुपद्रवी?

इथला ‘इन’ खरोखर नकारार्थी आहे, पण फसगत वेगळीच होते. नायट्रोजन ‘इनर्ट’ म्हणजे सहजासहजी रासायनिक अभिक्रिया न करणारा वायू. म्हणूनच आग टाळण्यासाठी तो टाक्यांमध्ये भरतात. पण तो ऑक्सिजनची जागा घेतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ टक्क्यांखाली गेला की ती जागा असुरक्षित मानली जाते. नायट्रोजनला वास किंवा रंग नाही. निव्वळ नायट्रोजन असलेल्या टाकीत उतरलेला माणूस एक-दोन श्वासांत बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला काढायला घाईने आत उतरणाऱ्यालाही तोच धोका असतो.

मग काय पाहायचे?

– शब्दाआधी चित्र पाहा. ज्वालेचे चित्र म्हणजे पेटणारा पदार्थ, मग लेबलवर ‘इन’ असो वा नसो.
– प्रत्येक रसायनाच्या सेफ्टी डेटा शीटचे १६ विभाग असतात. दुसऱ्यात धोके, चौथ्यात प्रथमोपचार आणि पाचव्यात आग विझवण्याची माहिती असते. तुम्ही हाताळत असलेल्या रसायनाची शीट मागून घ्या.
– ‘एम्प्टी’ पिंप आत काय होते हे कळल्याशिवाय कापू नका आणि रसायनाचे पिंप पाणी साठवायला घरी आणू नका.
– ‘इनर्ट’ वायूच्या टाकीत ऑक्सिजन मोजल्याशिवाय आणि परमिट मिळाल्याशिवाय उतरू नका.

मराठीत ‘ज्वालाग्राही’ म्हटले की कोणाचाच गोंधळ होत नाही. पिंपावर इंग्रजीशेजारी तेवढा एक शब्द लिहायला फारसा खर्चही येत नाही.