पोहोच दर

तळोद्याला सपाटी संपते. दक्षिणेला तापीकाठची काळी जमीन, ऊस, केळी, पपई, उत्तरेला सातपुडा. डोंगरातला माणूस मीठ, तेल, कापड घ्यायला पिढ्यान्‌पिढ्या इथं उतरत आला. सरकारनंही आपलं कार्यालय थाटायला हीच जागा निवडली. तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, या तीन तालुक्यांचा कारभार इथल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो. राज्यातल्या संवेदनशील प्रकल्पांच्या यादीत तळोदा आहे.

लोक या कार्यालयात वसतिगृहाच्या प्रवेशासाठी येतात, योजनांचे अर्ज घेऊन येतात. पण या कार्यालयाची दुसरी ओळख मला जास्त रंजक वाटते. हे कार्यालय गिऱ्हाईक आहे, आणि मोठं आहे. त्याच्या एकेका आश्रमशाळेत शेकडो मुलं राहतात, जेवतात, झोपतात. म्हणजे पलंग, गाद्या, ताटं, पातेली, बाकं, भाजीपाला, अंडी, साबण, तेल. एखादं कुटुंब जे जे विकत घेतं ते सगळं, तेही हजारोंच्या हिशेबात. गंमत अशी की यातलं बरंचसं तळोद्यात ठरतच नाही. मोठी खरेदी नाशिकला आयुक्तालयात ठरते, धोरण मंत्रालयात ठरतं, काही माल 1972 साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत येतो. तळोद्याच्या वाट्याला मागणी कळवणं येतं, आणि शेवटी माल उतरवून घेणं.

मधला प्रवास कागदाचा. शाळा मागणीपत्र पाठवते, प्रकल्प ते एकत्र करून वर पाठवतो, प्रशासकीय मान्यता येते, मग निविदा निघते. राज्याच्या उद्योग विभागानं 1 डिसेंबर 2016 रोजी खरेदीची नियमपुस्तिका काढली. 3 लाखांच्या पुढची खरेदी ई-निविदेनं, हा तिचा तेव्हा सर्वांना पाठ झालेला नियम. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राचं सरकारी खरेदीचं ‘जेम’ पोर्टल सुरू झालं होतं. पुढं राज्यानंही ते स्वीकारलं. पूर्वी निविदेचा लाखबंद लिफाफा पेटीत टाकायला माणूस पाठवावा लागे, आणि पेटीपाशी कोण उभं आहे यावर बरंच काही ठरे. आता लिफाफे संगणकात असतात. पण आहेत ते दोनच. पहिल्यात तांत्रिक कागद: नोंदणी, उलाढालीचा दाखला, पूर्वी केलेल्या पुरवठ्याचे आदेश, बयाणा रक्कम भरल्याचा पुरावा. त्यात जो टिकला त्याचाच दुसरा, दराचा लिफाफा उघडतो. सगळ्यांत कमी दर ज्याचा, तो एल-वन. काम त्याचं.

खरी लढाई पहिल्या लिफाफ्यात असते, हे या धंद्यातला कोणीही सांगेल. अमुक कोटींची उलाढाल हवी, अमुक इतक्या शाळांना पुरवठा केल्याचा अनुभव हवा, ही अट कोणी आणि का घातली यावर मैदानात किती जण उरणार हे ठरतं. तळोद्याच्या बाजारपेठेत भांड्यांचं चांगलं दुकान असलेला व्यापारी शेजारच्या आश्रमशाळेला ताटं देऊ शकत नाही, कारण ताटं साऱ्या राज्यासाठी एकदम घेतली जातात. एकगठ्ठा खरेदीत दर पडतो, हे खरंच आहे. पण त्यात जवळचा दुकानदारही पडतो, आणि खराब ताट परत करायला जावं असं ठिकाणही राहत नाही.

बांधकामाची तऱ्हा थोडी निराळी. तिथं अंदाजपत्रक आधी जाहीर असतं आणि ठेकेदार त्याच्या किती टक्के वर किंवा खाली काम करणार ते भरतो. म्हणून ठेकेदारांच्या गप्पांत ‘किती बिलो गेलं?’ हा पहिला प्रश्न. फार खाली जाणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतात. वसतिगृहाची भिंत बांधायची तर वाळू, सिमेंट, पाणी, सगळं घाट चढून जाणार. त्यातही कोणी पुष्कळ खाली जातो, तेव्हा काटकसर नेमकी कशात होणार हे ओळखायला अभियंता असण्याची गरज नाही.

वस्तूंच्या निविदेत दर मागतात तो पोहोच दर. म्हणजे वाहतूक, हमाली, कर सगळं धरून, शाळेच्या दारात माल उतरवण्याचा. कागदावर हे चोख आहे. पण दार कुठलं? तळोद्याजवळच्या शाळेचं आणि डोंगरातल्या डाबच्या बाजूच्या शाळेचं दार एकाच रकान्यात, एकाच आकड्यात बसतं. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाट आहे. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद. अक्कलकुव्याहून मोलगीला जायचं तर देवगोईचा घाट. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांना सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळं होडी आणि बार्जचा आधार घ्यावा लागतो. पुरवठादार दर भरतो तो सरासरीनं. सरासरीतला नफा सपाटीवर मिळतो आणि तोटा डोंगरात होतो. मग डोंगरातला माल उशिरा जातो, नाहीतर पायथ्याशी उतरतो आणि ‘तेवढं तुम्ही घेऊन जा’ असा फोन शाळेला जातो. माझ्या मते सरकारी खरेदीचं खरं दुखणं इथं आहे. आपले सगळे नियम दरावर पहारा देतात. माल उतरण्याच्या जागी मात्र आश्रमशाळेचा एकटा अधीक्षक उभा असतो.

त्याची अवस्था बघा. ट्रक येतो तो बहुधा अवेळी. ड्रायव्हरला परत घाट उतरायचा असतो. अधीक्षक, मुख्याध्यापक आणि हाताला असेल तो कामाठी मिळून खोकी मोजतात. पलंग असेल तर नग मोजले जातात. पत्रा किती जाडीचा हे मोजायचं साधन शाळेत नसतं. निविदेच्या वेळी पुरवठादारानं दिलेला सीलबंद नमुना खरेदी करणाऱ्या वरच्या कार्यालयात असतो. इथं पुरवठा आदेशातल्या दोन ओळी: लांबी, रुंदी, रंग. मग साठा नोंदवहीत नोंद होते, चलनाच्या मागं ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं लिहून सही-शिक्का बसतो. या एका ओळीवर देयक कोषागारापर्यंत चालत जातं. पुढं काही निघालंच, तर पहिली विचारणा याच सहीला. मोलगीच्या शाळेत नमुन्याची एक प्रत पाठवायला किती खर्च येईल? पण नमुना दर ठरवताना दाखवायचा असतो, माल घेताना नव्हे, असाच आपला रिवाज पडून गेला आहे.

हे नियम इतके जाड कशामुळं झाले, त्यालाही इतिहास आहे. 2004 ते 2009 या काळात आदिवासी विकास विभागाच्या योजनांतली खरेदी वादात सापडली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या आदेशानं 2014 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली गेली. तिनं 2017 मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला आणि त्यात अनियमिततेची प्रकरणं नोंदवली. पुढं त्या अहवालावर कारवाई सुचवायला आणखी एक समिती बसली.

याच सुमारास सरकारनं वेगळाच मार्ग धरला: खरेदीच करायची नाही. साबण, तेल, कपडे, वह्या-पुस्तकांचे पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात. डीबीटी, म्हणजे थेट लाभ हस्तांतरण. ठेकेदार बाद, लिफाफे बाद. कल्पना सुटसुटीत, आणि जून उलटून गेल्यावर रेनकोट हाती पडण्यापेक्षा केव्हाही बरी. पण यात खरेदीदार बदलला, हे फारसं कोणी बोललं नाही. आता तळोद्याच्या बाजारात उभा राहून दर करणारा बाप एका मुलापुरतं घेतो, किरकोळ भावानं घेतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवून घेतो.

एप्रिल 2018 मध्ये शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांच्या जेवणालाही हाच न्याय लावला गेला: खानावळ बंद, जेवणाचे पैसे खात्यात. त्या जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडं पायी निघाले. खानावळ पुन्हा सुरू करा, ही त्यांची मागणी. ठेकेदाराच्या जेवणाविरुद्ध तक्रारी करणारीही हीच मुलं. तरी त्यांना ठेका परत हवा होता, कारण वाईट डाळीबद्दल भांडता येतं. न आलेल्या हप्त्याशी भांडायला समोर कोणी नसतं. मला हा मोर्चा महाराष्ट्रातल्या खरेदी धोरणावरचा सगळ्यांत नेमका अभिप्राय वाटतो.

मग 2020 ची खावटी. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं तेव्हाची उचल म्हणून 1978 पासून चालत आलेल्या या कर्जाचं टाळेबंदीच्या वर्षी अनुदान झालं. 11 लाख 55 हजार कुटुंबं, प्रत्येकी 4 हजार रुपये. त्यातले 2 हजार खात्यात आणि 2 हजारांचा किराणा. निविदा आणि बँक खातं एकाच योजनेत शेजारी बसवल्याचं असं उदाहरण विरळा. किराण्यात मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, साखर, शेंगदाणा तेल, मीठ, मसाला, चहा. म्हणजे 231 कोटींची किराणा यादी! तिची निविदा, तिचे आक्षेप, पुडे बांधणं, सगळं यथासांग झालं. टाळेबंदी मार्च 2020 ची, सामान घरोघर पोचायला 2021 उजाडलं. तेव्हाचे आदिवासी विकास मंत्री के. सी. पाडवी अक्कलकुव्याचेच आमदार. घाट त्यांना कोणी समजावून सांगायला नको होता. तरीही यंत्र आपल्याच गतीनं चाललं.

या सगळ्यांत एक छोटी खरेदी मात्र डोंगरातच होते. नोव्हेंबर 2015 मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण आणि लहान मुलांना अंडी मिळतात. पैसा गावच्या आहार समितीच्या खात्यात येतो. खातं अंगणवाडी सेविका आणि समितीच्या अध्यक्षांचं संयुक्त. दर सरकारनं बांधून दिलेला. अंडं पाड्यावरच्या कोंबडीचं घ्यायचं की मोलगीच्या दुकानातलं, हे त्या दोघींनी ठरवायचं. फुटलेलं अंडं कोणी ‘सुस्थितीत मिळालं’ म्हणून घेत नाही, कारण घेणारीच ते उकडणार असते आणि खाणाऱ्या पोराची आई दारातच उभी असते. अडचणी इथंही आहेत. हिवाळ्यात अंडं महाग होतं आणि दर तोच राहतो. अनुदान लांबलं की दुकानदाराची उधारी सेविकेच्या नावावर चढते. दोघींच्या सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत, आणि बँक असते घाटाखाली नाहीतर मोठ्या गावात. त्या दिवशी अंगणवाडी मदतनिसावर सोपवून दोघी पहिली जीप गाठतात.