गर्भावस्थेंतील चाचण्या : करावयाच्या कीं नाहीं?

अंधेरी-बोरिवलीस जा कीं घाटकोपर-मुलुंडास, सोनोग्राफीच्या प्रत्येक केंद्रांत भिंतीवर एक पाटी दिसते : येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं. असें निदान रोखणारा कायदा महाराष्ट्रानें देशांत सर्वप्रथम, १९८८ सालीं केला. १९९४ सालीं तो देशभर झाला. मुलगा कीं मुलगी, हा प्रश्न कायद्यानें असा मिटविला. परंतु गर्भाला कांहीं जन्मजात व्यंग अथवा आनुवंशिक रोग आहे काय, याचा शोध घ्यावयाचा कीं नाहीं, हें ठरविणें गर्भवतीकडे व तिच्या घराकडे राहिलें आहे. पुष्कळ घरांत तें ठरविलेंच जात नाहीं. चिठ्ठीवर लिहिलें म्हणून रक्त दिलें जातें, आणि विचार सुरू होतो तो अहवाल हातीं पडल्यावर.

या चाचण्या दोन प्रकारच्या आहेत. पहिली चाळणीची. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीनें गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात व आईच्या रक्तांतील कांहीं द्रव्यें तपासतात. त्यावरून डाऊन सिंड्रोमसारख्या विकृतीचा केवळ संभव कळतो. अहवालांत '२५० त एक' असें आलें, तर अशा २५० गर्भांपैकीं २४९ गर्भांस ती विकृति नसते. हा संभव आईच्या वयाबरोबर वाढतो. पंचविशींत तो सुमारें १२५० त एक, तर पस्तिशींत सुमारें ३५० त एक असतो. आईच्या रक्तांतील गर्भाचा डीएनए तपासणारी नवी चाचणी अधिक अचूक आहे, पण तीहि चाळणीच. निश्चित उत्तर दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे निदानाच्या चाचणीनें मिळतें. तींत वारेचा सूक्ष्म अंश, किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल, सुईनें काढतात. त्यांत गर्भपाताचा धोका थोडा असला तरी असतो.

आपल्या उपनगरांस विशेष लागू असा रोग म्हणजे थॅलेसिमिया. मुलुंड-घाटकोपरकडे मोठ्या संख्येनें राहणाऱ्या लोहाणा, भानुशाली व सिंधी समाजांत त्याचे वाहक बरेच आढळतात. मराठी कुटुंबेंहि त्यांतून सुटलेलीं नाहींत. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो. परंतु पतिपत्नी दोघेहि वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणीं मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो, आणि तीव्र रोग असलेल्या मुलाला वारंवार बाहेरून रक्त द्यावें लागतें. येथें रक्ताची एक साधी तपासणी पुरते. प्रथम पत्नीची करावी. ती वाहक निघाल्यास पतीची. लग्नापूर्वींच ती झालेली असल्यास उत्तम. दोघेहि वाहक ठरल्यास गर्भाचें निदान करतां येतें.

आतां वेळेचा प्रश्न. २००८ सालीं भाईंदरच्या एका दांपत्यास गर्भाच्या हृदयांत गंभीर दोष असल्याचें कळलें, तेव्हां चोविसावा आठवडा आला होता. १९७१ च्या कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची. डॉ. निखिल दातार यांच्यासह तें दांपत्य मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. परवानगी मिळाली नाहीं. पुढें थोड्याच दिवसांत गर्भ आपोआप गेला. २०२१ सालीं कायदा बदलला. गर्भांत गंभीर विकृति असल्याचें वैद्यकीय मंडळानें ठरविल्यास आतां आठवड्यांची मर्यादा लागू होत नाहीं. तरीहि मंडळापुढें जाणें, वाट पाहणें व वाढलेल्या गर्भाचा पात करविणें, हें सारें त्या स्त्रीलाच सोसावें लागतें.

म्हणून रक्त देण्यापूर्वींच पतिपत्नींनीं एकमेकांस विचारावें : उत्तर प्रतिकूल आलें तर आपण काय करणार? निदानाची चाचणी करविणार काय? गर्भ ठेवणार काय? कांहीं झालें तरी मूल वाढवावयाचेंच, असा ज्यांचा निश्चय असेल, त्यांनीं चाळणीच्या चाचणीस नकार दिला तर त्यांत अज्ञान नाहीं. मात्र अठराव्या ते विसाव्या आठवड्यांतील सोनोग्राफी त्यांनींहि टाळूं नये. हृदयाचा दोष आधीं कळल्यास बाळंतपण कोणत्या रुग्णालयांत करावें, हें ठरवितां येतें.

सासूबाईंचा अनुभव व पतीचें मत जरूर ऐकावें. परंतु सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास कायदा तिचीच संमति मागतो, पतीची सही मागत नाहीं. घरांतील चर्चेंतहि शेवटचा शब्द तिचाच असावा.