ॲप सुरू झालं, पण काम झालं का?

या वेळी आरोग्याच्या पानावर ताप, खोकला, रक्तदाब असं काही नाही. या वेळी मोबाईलमधल्या ॲपबद्दल लिहिते आहे. बाळाचा आहार, गरोदरपणाची नोंद, लस, दवाखान्याचा केसपेपर, या सगळ्याची वाट आता मोबाईलमधून जाते. ती वाट अडली की पाकीट मिळत नाही, लस लांबते. म्हणून हा आरोग्याचाच विषय आहे.

वस्तीत फिरताना एक वाक्य वारंवार कानावर येतं, "ताई, आम्हाला नाही कळत त्या मोबाईलमधलं." असं म्हणून बाई मागे सरते आणि शेजारच्या पोरापुढे फोन धरते. मला वाटतं, बहुतेक वेळा बाईला कळत नाही असं नसतंच. ज्याने ॲप बनवलं त्याला ती बाई कळलेली नसते. चांगली वस्तू अशी बनवता येते की ती वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, इंग्रजी लागत नाही आणि पोरालाही बोलवावं लागत नाही. आरोग्यखात्यातच तशा वस्तू आहेत.

पोलिओच्या डोसाची बाटली आठवा. त्या बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत एक चौकोन. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस द्यायची. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की बाटली बाजूला टाकायची. पोलिओच्या बाटल्यांवर ही खूण १९९६ पासून आली. ती बनवणाऱ्याने नर्स कुठे उभी असेल याचा विचार केला. ती उन्हात आहे, हातात लसीची पेटी आहे, समोर रांग आहे आणि थर्मामीटर बघायला वेळ नाही. एका नजरेत निर्णय झाला पाहिजे, एवढं त्याने ओळखलं.

दुसरी वस्तू तुमच्या घरातच आहे. माता व बाल संरक्षण कार्ड उघडा आणि वजनाचा तक्ता बघा. हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे दिसतील. बाळाच्या वजनाचा ठिपका हिरव्यात असेल तर ठीक, पिवळ्यात उतरला तर सावध, नारिंगीत गेला तर ताबडतोब दवाखाना. असे वाढीचे तक्ते जगभर पोहोचवण्यात डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. नायजेरियातल्या खेड्यात काम करताना त्यांनी तक्ता दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हातात दिला. आई तो जपते आणि सोबत आणते. मुख्य म्हणजे, रेषा खाली वळली की डॉक्टरच्या आधी ती तिला दिसते. अक्षर न येणारी आईसुद्धा तो तक्ता वाचू शकते.

आता मोबाईलवर येऊ. सरकारी ॲप बनतं कसं, ते आधी समजून घेऊ, म्हणजे घोळ कुठे होतो ते कळेल.

एखादं खातं ठरवतं की आपल्याला अमुक माहिती हवी. मग काय काय हवं याची यादी होते. ती यादी बहुधा वरिष्ठ अधिकारी आणि तांत्रिक सल्लागार करतात. मग काम सोपवलं जातं, कधी खासगी कंपनीला, कधी सरकारच्याच तांत्रिक विभागाला. इंजिनिअर यादीप्रमाणे ॲप बनवतात, चाचणी होते, उद्घाटनाची तारीख ठरते. त्या दिवशी ॲप चालू झालं की कागदावर प्रकल्प 'सुपूर्द' झाला. यादीतल्या सगळ्या गोष्टी ॲपमध्ये असतात. पण यादी करणारा एक, पैसे देणारा दुसरा, बनवणारा तिसरा, आणि वापरणारी बाई या साखळीत शेवटची. तिला विचारायची पाळी येते तेव्हा उद्घाटन होऊन गेलेलं असतं.

हे टाळणं फार खर्चाचं नाही. जेकब निल्सन हे या विषयातले जाणकार. त्यांनी २००० साली लिहिलं की अवघ्या पाच वापरणाऱ्या माणसांपुढे वस्तू ठेवून गप्प बसून बघितलं, तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. त्या सुधारायच्या आणि पुन्हा पाच माणसांपुढे ठेवायचं. माणसं मात्र खरी वापरणारी हवीत. ऑफिसातल्या पाच इंजिनिअरांनी अंगणवाडी सेविकेचं ॲप तपासलं तर ते ऑफिसातल्या वायफायवर चालेल, वस्तीत चालणार नाही.

कोरोनाच्या लसीचं कोविन आठवतं ना? १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लसीकरण खुलं झालं, पण सुरुवातीला या वयोगटाला ऑनलाइन नोंदणी केल्याशिवाय लस नव्हती. संकेतस्थळ इंग्रजीत. ओटीपी आला की तो मुदतीत भरायचा, मग पिनकोड टाकायचा आणि हिरवा चौकोन दिसला की झडप घालायची. ज्यांना संगणकाची भाषा येते अशा मुलांनी जागा रिकामी झाली की आपोआप कळवणाऱ्या सोयी बनवून घेतल्या. शहरातली माणसं गाड्या काढून दूरच्या खेड्यातल्या केंद्रांवर लस घ्यायला गेली आणि त्या खेड्यातले लोक आपल्याच केंद्राबाहेर बघत उभे राहिले. यात कुणी नियम मोडला नव्हता. नियमच तसा होता. ज्याच्याकडे वेगवान नेट त्याला आधी लस, असं कुणी लिहिलं नव्हतं, पण ॲपच्या रचनेने ते ठरवून टाकलं होतं. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर केंद्र सरकारला खडे प्रश्न विचारले. मे महिन्याच्या अखेरीस सरकारी केंद्रांवर जागच्या जागी नोंदणीची मुभा मिळाली आणि जूनमध्ये कोविन मराठीसह इतर भारतीय भाषांत आलं. म्हणजे जमत होतं. आधी कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

दुसरं उदाहरण अंगणवाडीचं, आणि ते अजून चालू आहे.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. तिच्या नोंदी सेविका वर्षानुवर्षं रजिस्टरात करत होत्या. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं तेव्हा एक ॲप आलं. ते बंद करून १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर आलं. महाराष्ट्रात सेविकांना दिलेले मोबाईल तोवर जुने झाले होते, क्षमता कमी, ॲप जड. फोन तापायचा, मध्येच बंद पडायचा आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून. त्यात ॲप इंग्रजीत. मराठीतून शिकलेल्या आणि वीस-वीस वर्षं काम केलेल्या बायकांना आपल्याच कामाचे शब्द ओळखू येईनात. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी आंदोलन करून ते मोबाईल सरकारला परत केले. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आता पोषण ट्रॅकर मराठीसह २४ भाषांत आहे.

लोक म्हणाले, सेविकांना काम नको म्हणून फोन परत केले. मी ते अजिबात मानत नाही. ॲप आणण्याआधी जी चाचणी व्हायला हवी होती, ती सेविकांनी नंतर रस्त्यावर उतरून करून दाखवली.

आता त्याच ॲपमध्ये चेहरा ओळखण्याची पायरी आली आहे. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायची आहाराची पाकिटं, म्हणजे आपण टीएचआर म्हणतो ती, देताना केंद्र सरकारने ही पायरी सक्तीची केली. हा आहार सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी, गरोदर बायांसाठी आणि स्तनदा मातांसाठी असतो. आधी एकदा आधार क्रमांक आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी घेऊन नोंद होते. मग दर वेळी पाकीट घेताना सेविका फोन चेहऱ्यासमोर धरते, डोळ्यांची उघडझाप करायला सांगते आणि फोटो जुळला की नोंद होते. बाळासाठी बाळाचा नाही, आईचा किंवा नोंदवलेल्या पालकाचा चेहरा लागतो.

हेतू सांगितला जातो तो असा, की खोट्या नावांवर आहार उचलला जाऊ नये. हेतू चुकीचा नाही. आपल्या पोरांच्या तोंडचा घास कुणी पळवू नये असं आपल्यालाही वाटतं. पण चोरी पाकीट अंगणवाडीत पोहोचण्याआधीही होऊ शकते, वजनात होऊ शकते, दर्जात होऊ शकते. कॅमेरा मात्र धरला जातो आईच्या तोंडासमोर.

आणि वस्तीतली आई कशी असते? समजा, ती धुणीभांड्याला जाते. सकाळी सातला घर सोडते, अंगणवाडी उघडते तेव्हा ती तिसऱ्या घरी भांडी घासत असते. पाकीट आणायला आजी जाते. आजीच्या चेहऱ्याची नोंद नाही. आईच्या आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा बांधकामावर. ओटीपी त्याच्या खिशात वाजतो आणि तो कामात असतो. किंवा सिम बदललंय, जुना नंबर आता भलत्याच माणसाकडे आहे. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, आणि आता आठव्या महिन्यात चेहरा सुजलेला. (अशी सूज दिसली तर आधी रक्तदाब तपासून घ्या, फोटोचं नंतर बघू.) खोलीत उजेड कमी, पत्र्याखाली नेटवर्क नाही. प्रत्येक अडचण छोटी आहे, पण एकावर एक आल्या की पाकीट हुकतं. सहा महिने ते तीन वर्षं हे वय मेंदूच्या वाढीचं असतं. त्या वयातला हुकलेला महिना पुढे भरून निघेलच असं नाही.

सेविकेवर चिडू नका. ती त्याच ॲपसमोर अडकलेली असते. तिला वरून विचारतात, किती चेहरे झाले? पोरांनी काय खाल्लं हे त्या आकड्यात येत नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने बराच आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ४ आणि ५ प्रमाणे गरोदर व स्तनदा मातांचा आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा अंगणवाडीतला आहार हा हक्क आहे. आहार मिळाला नाही तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की आधार क्रमांक दाखवता आला नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. तक्रारीसाठी याच कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे.

मग करायचं काय? आधार केंद्रावर जाऊन नंबर स्वतःचा जोडून घ्या, नवऱ्याचा नको. ओटीपी फक्त समोर बसलेल्या सेविकेला सांगायचा. फोनवर कुणी "पोषणचे पैसे आलेत, ओटीपी द्या" म्हटलं तर फोन ठेवायचा, तो चोर असतो. बाळाचं वजन मोबाईलमध्ये भरलं तरी कार्डावर ठिपका मारून घेतल्याशिवाय उठू नका. मोबाईलमधला आकडा वर जातो, कार्डावरचा ठिपका तुमच्या घरी राहतो.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करण्यासारखं आहे. विहारात रविवारी वंदनेनंतर बाया थांबतातच. ज्यांना पाकीट घेताना अडचण आली त्यातल्या पाच जणींनी एका वहीत लिहून काढा. नर्सिंगमध्ये आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं जातं की पेशंटच्या नोंदीत "बरं वाटत नाही" एवढंच लिहायचं नसतं. किती वाजता, काय झालं, काय केलं, पुढे काय झालं, हे लिहायचं. इथेही तेच. "मशीन घेत नाही" हे बोलणं झालं. "अमुक तारखेला सव्वाअकरा वाजता तीनदा फोटो काढला, जुळला नाही, स्क्रीनवर अमुक शब्द आले, पाकीट न देता परत पाठवलं" ही तक्रार झाली. सेविकेच्या परवानगीने स्क्रीनचा फोटो काढता आला तर उत्तम, फक्त आधार क्रमांक त्यात दिसू देऊ नका. कुठे अडलं ते पाच वेळा त्याच ठिकाणी निघालं, तर दोष तुमच्या चेहऱ्यात नाही हे अधिकाऱ्यालाही मान्य करावं लागतं.

ती वही उतरवून एक अर्ज करा, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे. मागणी नेमकी हवी. चेहरा जुळला नाही त्या दिवशी रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेऊन पाकीट द्यावं, आई कामावर असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाची नोंद करून घ्यावी, आणि ॲपमध्ये बदल करण्याआधी वस्तीतल्या बायांना आणि सेविकांना विचारावं. पाचही जणींच्या सह्या घ्या, सेविका आणि मदतनीस सही करायला तयार असतील तर त्यांच्याही. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय तिथून निघू नका. ती प्रत बाळाच्या कार्डातच ठेवा, हरवणार नाही.