कायदा मोडू नये, बदलून घ्यावा

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीचा माल घेऊ नये, मापात पाप करू नये, भेसळ करू नये, हे आपल्या पेढ्यांवर वडीलधाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बजावले. त्याच यादीत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हाही एक अतिचार आहे. राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे, असा त्याचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. करचुकवेगिरी त्यातच आली. मग प्रश्न उरतो: नियमच जाचक असेल, तर श्रावकाने काय करावे?

चुकवणे हा मार्ग नाही आणि मुकाट सोसणे हा उपाय नाही. उरतो तो संघटनेचा, उघडपणे बोलण्याचा मार्ग. संघटना स्थापण्याचा अधिकार संविधानाच्या 19व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास दिलेला आहे.

स्थानिक संस्था कराचा अनुभव अद्याप ताजा आहे. जकात रद्द होऊन 1 एप्रिल 2013 पासून पुण्यासह काही मोठ्या शहरांत हा कर लागू झाला. नाक्यावरची रांग संपली, ही त्याची जमेची बाजू. परंतु विक्रीकर विभागाकडे मूल्यवर्धित कराचा हिशेब देणाऱ्या दुकानदारास आता महापालिकेकडे दुसरी नोंदणी, दुसरे विवरणपत्र आणि दुसरी तपासणी आली. व्यापाऱ्यांचा मुख्य आक्षेप कर देण्यास नव्हता, या दुहेरी यंत्रणेस होता. म्हणूनच मूल्यवर्धित करासोबतच ही रक्कम वसूल करावी, असा पर्याय संघटनांनी मांडला. एप्रिल-मे महिन्यांत अनेक बाजारपेठा बंद राहिल्या. अखेर 1 ऑगस्ट 2015 पासून वार्षिक 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना या करातून मुक्त करण्यात आले. उरलेला कर 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाला.

हा विजय आठवताना अनेकांताचा विसर पडू नये. महापालिकेची बाजूही खरी होती: जकात गेल्यावर पाणी, रस्ते, दिवाबत्ती यांसाठी पैसा कोठून यावा? आणि बंदची झळ सर्वप्रथम कोणास लागली? शिल्लक असलेल्या पेढीस नव्हे, तर रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या हमाल-तोलणारास आणि महिन्याचा किराणा भरू न शकलेल्या गृहिणीस. कोणाच्याही पोटावर पाय न देता आपले म्हणणे मांडणे, हीच अहिंसेची कसोटी. बंद हे अखेरचे साधन असावे.

तत्पूर्वी करण्याजोगे पुष्कळ असते. सभासदांच्या अडचणी आकड्यांसह लिहून घ्याव्यात. ‘रद्द करा’ एवढेच न म्हणता पर्याय द्यावा. निवेदन सत्ताधारी आणि विरोधक, दोघांनाही एकच द्यावे. सभागृहात जो बोलतो, त्यास अभ्यासलेला कागद हवा असतो. तो आपण पुरवावा. पक्षास देणगी द्यायचीच झाली, तर ती धनादेशाने आणि वहीत नोंदवून द्यावी. रोखीने दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाहीच. शिवाय अंधारात दिलेल्या पैशाने मिळवलेली सवलत ही संघटनेची नव्हे, एका व्यक्तीची असते.

सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1927 साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत पुढाकार घेतला. परकीय सत्तेपुढे एकट्या उद्योजकाचा आवाज पोहोचत नाही, हे त्यांनी जाणले होते.

आज आपल्या गावच्या संघटनेची सभा असते, तेव्हा अनेक खुर्च्या रिकाम्या असतात. वर्गणी भरली की कर्तव्य संपले, असे आपण मानतो. आणि नवा नियम आला की संघटनेस दोष देतो. पुढील सभेस स्वतः जावे, सोबत पेढीवर बसू लागलेल्या मुलालाही न्यावे आणि मुलीलाही. हिशेबाची वही स्वच्छ असलेला व्यापारी जेव्हा उभा राहून बोलतो, तेव्हा त्याचा शब्द खाली पडत नाही. आपली वही तशी आहे ना, एवढे मात्र घरून निघण्यापूर्वी पाहावे.