रोज पन्नास शब्द? राहू द्या!

दहावी-बारावीच्या पोरांनो, जाडजूड डिक्शनरी 'ए'पासून घोकायला घेऊ नका. 'अबॅकस'पर्यंत पोचून ती माळ्यावर जाते!

आधी नेहमीचे शब्द पक्के करा. ढाक्यात शिक्षक घडवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतल्या अशा सुमारे २००० शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' काढली. साध्या मजकुराचा साधारण ८० टक्के भाग एवढ्यातच भागतो. यादी जुनी आहे, पण पाया म्हणून आजही झकास.

लक्षात ठेवायला जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांची खोक्यांची पद्धत वापरा. चिठ्ठीच्या पुढे 'अफोर्ड', मागे 'परवडणे' आणि एक वाक्य: 'वी कान्ट अफोर्ड द फीज'. वाक्य हवंच! नुसता अर्थ पाठ असला की निबंधात शब्द भलतीकडेच बसतो. अर्थ आठवला तर चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकला तर थेट पहिल्यात. पहिला खोका रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. म्हणजे येणाऱ्या शब्दांवर वेळ जात नाही, छळणारेच सारखे समोर येतात.

मोबाइलवर 'अँकी' ॲप हेच काम करतं. पण चिठ्ठी हाताने लिहिताना स्पेलिंगही घटवलं जातं, म्हणून माझं मत कागदालाच.